‘पोर्टेबल घेतला की सगळं भागतं’: खरंच?

मोटरहोमवाल्यांमध्ये (राहण्या-झोपण्याची सोय असलेल्या गाड्या वापरणाऱ्यांमध्ये) एक मेसेज फिरतोय: ‘बिल्ट-इन जनरेटर म्हणजे पैशांची नासाडी. २,२०० वॉटचा पोर्टेबल इन्व्हर्टर जनरेटर घ्या. एसी चालतो, पेट्रोल निम्मं लागतं, आवाज होत नाही, आणि धूर गाडीबाहेर राहतो म्हणून सुरक्षितही.’ यातला शेवटचा मुद्दा जिवावर बेतणारा आहे, म्हणून आधी तोच घेतो.

धूर बिल्ट-इनचाही बाहेरच सुटतो. फक्त त्याच्या एक्झॉस्टची जागा ठरलेली असते. पोर्टेबल कुठे ठेवायचा ते दर मुक्कामी आपण ठरवतो, आणि वायर आखूड पडली की तो खिडकीखाली येतो. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. वजनाला तो जवळपास हवेइतकाच, त्यामुळे जमिनीलगत बसून राहत नाही. उघड्या खिडकीतून सहज आत शिरतो. किमान सहा मीटर अंतर ठेवा, एक्झॉस्टचं तोंड गाडीच्या उलट दिशेला करा आणि वारा फिरला की जागा बदला. शेजारच्या गाडीत झोपलेल्यांचाही विचार करा. कार्बन मोनॉक्साइड जाणवताच अलार्म देणारा सीओ डिटेक्टर दोन्ही प्रकारांत हवाच, कारण बिल्ट-इनचा पाइप तडकला तर धोका तोच.

आता एसी. २,२०० हा बहुतेकदा क्षणभराचा कमाल आकडा असतो. सलग मिळतात साधारण १,८००. १३,५०० बीटीयूचा (बीटीयू म्हणजे एसीच्या थंड करण्याच्या क्षमतेचं माप) छतावरचा एसी चालताना दीडेक हजार वॉट घेतो, पण कॉम्प्रेसर सुरू होताना त्याच्या दुपटीहून जास्त मागतो. तेवढ्यानं जनरेटर ट्रिप होतो. सुरू होतानाची ही मागणी कमी करणारा सॉफ्ट स्टार्टर बसवला तर एसी चालेल, पण सोबत मायक्रोवेव्ह लावायचा नाही. उंचावर तर दर ३०० मीटरला साधारण तीन टक्के ताकद घटते.

पेट्रोलचं म्हणणं हलक्या लोडपुरतं खरं आहे. इन्व्हर्टर जनरेटर लोड कमी असला की इंजिनाचा वेग कमी करतो; बिल्ट-इन मात्र एकाच आरपीएमवर (वेगावर) फिरणारा असेल तर नुसत्या दिव्यांसाठीही बरंच इंधन खातो.

आवाजाचे जाहिरातीतले आकडे मात्र बहुधा पाव लोडवरचे असतात. एसी लावला की तोच इन्व्हर्टर जनरेटर चांगलाच घोंघावतो.

फक्त बॅटरी चार्जिंग आणि दिवे भागवायचे असतील तर पोर्टेबलच घ्या. एसी रोज लागत असेल तर बिल्ट-इन काढू नका. फक्त महिन्यातून एकदा तो निम्म्या लोडवर तास-दोन तास चालवा, नाहीतर पेट्रोल शिळं होऊन कार्ब्युरेटर चोंदतो.