कटकट की खटखट?

आमच्या गाडीतून आवाज येतोय हे सगळ्यात आधी बायकोच्या लक्षात आलं. नळाचा थेंब असो की गॅसवर उतू चाललेलं दूध, घरातले आवाज आधी तिलाच ऐकू येतात. मी रेडिओ मोठा केला. गाडीच्या कुठल्याही आजारावर माझा हाच पहिला उपाय असतो आणि तो बरेच महिने लागू पडतो.

आवाजही तसा गुणी होता. सरळ रस्त्यावर एकदम चिडीचूप. फक्त सोसायटीच्या गेटातून डावीकडे वळताना स्टेअरिंग पूर्ण फिरवलं की पुढून कुठूनतरी वाजायचं. शेवटी रेडिओच्या बातम्यांमागूनही ऐकू यायला लागलं, तेव्हा गॅरेजवाल्या मामांना फोन केला.

"मामा, गाडी वाजतेय."

"कशी वाजतेय?"

"म्हणजे, आवाज येतोय."

"ते कळलं हो साहेब. खडखड, खटखट की कटकट?"

मला वाटलं, मामा थट्टा करतायत. पण त्यांचं सगळं वैद्यक या जोडशब्दांवरच उभं आहे. खड्ड्यातून जाताना खडखड झाली तर लिंक रॉड. ब्रेक मारताना एकदाच 'खट्' झालं तर लोअर आर्मचा बुश. वेगाबरोबर चढत जाणारी 'घूंऽऽ' असेल तर बेअरिंग. आणि स्टेअरिंग फुल कट करून एक्सिलेटर दिल्यावर कटकट आली, तर एक्सलचा जॉइंट. शाळेत अनुकरणवाचक अभ्यस्त शब्द मी दोन मार्कांसाठी पाठ केले होते. पुढे त्यावर खिशातले पैसे जाणार आहेत, हे बाईंनी सांगितलं नव्हतं.

"नक्की काय ते ऐका आणि मग या," मामा म्हणाले.

रविवारी सकाळी सगळं घर पार्किंगमध्ये उतरलं. मी स्टेअरिंग डावीकडे पूर्ण दाबून पहिल्या गिअरमध्ये गोल गोल फिरू लागलो. अप्पा खांबाला टेकून, काठीवर हनुवटी ठेवून, मैफलीला बसल्यासारखे डोळे मिटून ऐकत होते. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी गॅलरीतून विचारलं, "शिकताय का गाडी?" मी हात हलवला. पाचव्या चकरेला चिरंजीव मागच्या सीटवरून म्हणाले, "बाबा, तो इंडिकेटर वाजतोय."

खरंच चालू होता. वळायचं म्हटल्यावर हात आपोआप गेला होता. बंद केला. (इंडिकेटर न देता वळल्यामुळे पुण्यात कुणाच्या काही लक्षात येईल, ही भीती नव्हती.) तरी आवाज होताच.

"टकटक," बायको म्हणाली.

"खटखट," अप्पा म्हणाले. "क्रॉस गेलाय."

क्रॉस हे अप्पांचं ठरलेलं निदान. त्यांची हयात प्रीमियर पद्मिनीत गेली. तिचं इंजिन पुढे आणि जोर मागच्या चाकांवर. मध्ये तो जोर मागे नेणारा लांबलचक प्रॉपेलर शाफ्ट, आणि त्याच्या सांध्यातला क्रॉस झिजला की गाडी सोडताना खट् व्हायचं. आमच्या गाडीचा सगळा जोर पुढच्याच चाकांवर. तीच ओढणार, तीच वळणार. म्हणजे घरात कमवायचंही आणि स्वयंपाकही करायचा, अशातला प्रकार. (हे बायकोच्या वाक्याचं सौम्य रूपांतर आहे.) "अप्पा, या गाडीला क्रॉसच नाही," मी सांगितलं. ते म्हणाले, "म्हणूनच वाजते."

गॅरेजमध्ये गेलो. मामांनी स्टेअरिंग फुल कट मारून तीन चकरा घेतल्या. गाडी गप्प. रात्रभर कण्हणारं मूल डॉक्टरांसमोर खुर्चीवर चढून हसतं, तसं. मीच ओशाळून तोंडाने आवाज काढून दाखवला. शेजारी पंक्चर काढत असलेला पोरगा हातातलं काम टाकून बघायला लागला.

मामांनी मात्र त्या आवाजाची वाट पाहिली नाही. ते उजव्या चाकाशी उकिडवे बसले, चाकामागे दोन बोटं घातली आणि काळी करून बाहेर काढली.

"हे काय आहे?"

"डांबर," मी आत्मविश्वासाने सांगितलं. "रस्त्याचं काम चालू आहे ना आमच्याकडे. मी दर रविवारी रॉकेलने पुसतो."

मामांनी माझ्याकडे पाहिलं, ती नजर मी अजून विसरलेलो नाही. "साहेब, ग्रीस आहे हे. बूट फाटलाय."

बूट म्हणजे जॉइंटवरचं ते घड्याघड्यांचं रबरी टोपरं. ते फाटलं की चाक फिरताना ग्रीस बाहेर उडतं आणि पावसाचं पाणी, माती आत जाते. आत पोलादाच्या सहा गोळ्या खाचांमधून सरकत असतात; चाक वळलेलं असतानाही ते एकसारखं फिरावं, ही त्यांची जबाबदारी. ग्रीस गेलं की खाचा झिजतात, गोळ्या ढिल्या पडतात आणि कटकट सुरू होते. डावीकडे वळताना भार उजव्या चाकावर येतो, म्हणून वाजत होता उजवा. "पुसायच्या ऐवजी तेव्हाच आला असतात," मामा म्हणाले, "तर नवीन बूट आणि ग्रीसवर भागलं असतं. आता जॉइंट गेला." थोडक्यात, कित्येक रविवार मी पुरावा नष्ट करत होतो.

जॉइंट बदलला. जुना मामांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दिला, कारण अप्पांनी बजावलं होतं, "जुना पार्ट घेऊन ये, नाहीतर बदललाच नाही समज."

अप्पांनी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, स्क्रू-ड्रायव्हरने गोळ्या धरून ठेवणारा पिंजरा कलता केला आणि एकेक गोळी काढून बशीत ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसला निघताना बघतो, तर अप्पा बशीसमोर बसलेले.

"पाचच आहेत. सहा म्हणाला होता ना तुझा मामा? एक गोळी मारली त्याने. लाव फोन."

मी फोन हातात घेतला, तेवढ्यात आतल्या खोलीतून फरशीवर 'टक्' झालं. मग घरंगळल्याचा आवाज, आणि पाठोपाठ चिरंजीवांचा, "ए, ही माझी राजा गोटी!"

"हा कसला आवाज?" अप्पांनी विचारलं.

"क्रॉस गेलाय," मी म्हटलं आणि गाडीची किल्ली उचलली.