प्रोब लावला की चालतं

पूर्ण मेलेला बोर्ड म्हणजे इंजिनिअरवर देवाची कृपा. मीटर लावा, जळालेला भाग हुडका, नवा बसवा, चहा प्या. खरा छळ करतो तो मधूनच जगणारा बोर्ड. त्यातही इथरनेट, म्हणजे वायरीवरचं नेटवर्क, मधूनच जात असेल, तर मागच्या जन्मीचं काहीतरी फेडायचं राहिलंय असं समजावं.

आमचा डबा साधाच आहे. कारखान्यातल्या यंत्रांचा विजेचा वापर मोजायचा आणि वायरीवरून सर्व्हरला कळवायचा. आत एक मायक्रोकंट्रोलर, त्याच्या पोटातच मॅक, म्हणजे डेटाची पाकिटं बांधणारा भाग. शेजारी ती पाकिटं वायरीवरच्या सिग्नलमध्ये बदलणारी फायची वेगळी चिप, पुढे छोटा ट्रान्सफॉर्मर आणि आरजे-४५चं सॉकेट. भोसरीत आमच्या टेबलावर तो गुणी बाळासारखा वागायचा. चाकणला ग्राहकाच्या पॅनलमध्ये बसवला की दुपारी जेवणानंतर मान टाकायचा. मेंटेनन्सवाल्यांचा फोन ठरलेला, "साहेब, तुमचा डबा परत झोपला." गाडी काढून, नाशिक रस्त्यावरच्या ट्रॅफिकला शिव्या घालत तिथे पोचावं, तर हिरवा दिवा लागलेला, पिवळा लुकलुकतोय आणि पिंगला, म्हणजे 'आहेस का' विचारणाऱ्या पाकिटाला, एका मिलिसेकंदात उत्तर. "आत्ताच चालू झाला बघा," असं ते ज्या सुरात म्हणायचे, त्यावरून आपण मुद्दाम दूर उभं राहून गंमत बघत होतो की काय अशी शंका यायची.

इथरनेट बिघडलं की प्रत्येक माणूस पहिल्यांदा केबल बदलायला सांगतो. सिक्युरिटीच्या मामांनीही सांगितलं. केबल १०० मीटरपर्यंत चालते, आमची पॅनलमधून शेजारच्या रॅकपर्यंतच होती. तरी बदलली. मग स्विच बदलला, आणि डबा चालायला लागला. ही फार वाईट गोष्ट झाली. 'स्विचच खराब होता' म्हणून सगळे मोकळे झाले आणि पुढच्या आठवड्यात नव्या स्विचवरही डबा झोपला.

मग ऑफिसात सुरू झालं ते सोसायटीत बाथरूमची गळती सुरू झाल्यावर होतं तेच. खालचा म्हणतो पाणी वरून येतंय, वरचा म्हणतो आमची फरशी कोरडी आहे. हार्डवेअरवाला म्हणाला, "फर्मवेअर बघा. डीएमएचे डिस्क्रिप्टर संपत असतील." म्हणजे पाकिटं ठेवायला मेमरीत जागा उरत नसेल, दोष प्रोग्रामचा. मी फर्मवेअरवाला, चिपमधला प्रोग्राम लिहिणारा. मी म्हणालो, "लिंकचा दिवाच विझतो, त्याला डिस्क्रिप्टर काय करणार?" तो म्हणाला, "रजिस्टर वाचून दाखव."

आता हे रजिस्टर, चिपमधला नोंदींचा छोटा कप्पा, म्हणजे एक नमुनाच आहे. फायच्या स्टेटस रजिस्टरमध्ये लिंकचा एक बिट असतो. लिंक क्षणभर जरी गेली तरी तो शून्य होतो आणि कुणी वाचेपर्यंत तसाच रुसून बसतो. त्यामुळे पहिल्यांदा वाचलं की मागचं गाऱ्हाणं कळतं, दुसऱ्यांदा वाचलं की आत्ताची खुशाली. मी दोन्ही वाचनं लॉगमध्ये टाकली. लॉग म्हणाला, लिंक जाते आणि येते. एवढं मेंटेनन्सवाले फोनवर फुकट सांगत होते. एक गोष्ट मात्र नवी निघाली. लिंक असतानाही सीआरसीच्या, म्हणजे पाकीट वाटेत बिघडल्याच्या, चुका वाढत होत्या. ६४ बाइटची छोटी पाकिटं पार व्हायची, दीड हजाराच्या आसपासची मोठी गळायची. पिंग छोटंच असतं, म्हणून आमच्यासमोर ते नेहमी हसतमुख.

दुपारची वेळ, म्हणजे उष्णता, हा तर्क करून मी घरून हेअर ड्रायर नेला. घरच्यांनी एकवार माझ्या डोक्याकडे पाहिलं आणि सभ्यपणे काही विचारलं नाही. फायवर गरम हवा सोडली आणि टेबलावर पहिल्यांदाच लिंक गेली. आम्ही दोघं इतके आनंदलो की शेजारच्या टेबलावरच्यांना वाटलं इन्क्रिमेंट झालं.

हार्डवेअरवाल्याने लगेच ऑसिलोस्कोपचा प्रोब फायच्या घड्याळाला ठोके देणाऱ्या २५ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलच्या पायावर टेकवला. लिंक परत आली. प्रोब उचलला, गेली. टेकवला, आली. कितीतरी वेळ आम्ही हेच करत बसलो. साहेब आले, त्यांना दाखवलं. ते म्हणाले, "मग प्रत्येक डब्याबरोबर एक स्कोप पाठवू या का?"

खरं तर त्या प्रोबनेच चुगली केली होती. प्रोबच्या टोकाला स्वतःची १० पिकोफॅरडच्या घरातली कपॅसिटन्स, म्हणजे विद्युतभार साठवायची क्षमता, असते. ती मिळताच क्रिस्टल ताळ्यावर येत असेल, तर त्याच्या हक्काची कपॅसिटन्स कुठेतरी हरवली होती. मग पायाला हात न लावता फायमधून बाहेर पडणारं ५० मेगाहर्ट्झचं घड्याळ मोजलं. फायच्या क्रिस्टलला साधारण ५० पीपीएमची (दहा लाखांत ५०) सूट असते, म्हणजे इथे अडीच हजार हर्ट्झ इकडेतिकडे चालतं. आमचं घड्याळ गरम हवेत १५ किलोहर्ट्झने पुढे पळत होतं. समोरचा स्विच दिलदार असेल तर सांभाळून घ्यायचा, काटेकोर असेल तर बोलणंच बंद.

बोर्ड घेऊन असेंब्लीतल्या ताईंकडे गेलो. त्यांनी भिंगाखाली तो जरा तिरका धरला. क्रिस्टलच्या दोन बाजूंना दोन कपॅसिटर, १.६ बाय ०.८ मिलिमीटरचे. एकाच्या टोकाशी सोल्डर चकचकीत आणि पॅडवर, म्हणजे बोर्डावरच्या तांब्याच्या ठिपक्यावर, छान पसरलेलं. दुसऱ्याच्या टोकाशी राखाडी, गोळा होऊन बसलेलं. ताईंनी चिमट्याने हलकेच ढोसलं, कपॅसिटर हलला. "याने पॅड धरलाच नाहीये," त्या म्हणाल्या. "तांब्याच्या अख्ख्या पट्ट्याला जोडलाय ना, सगळी उष्णता तोच खातो. मी मागेच बोलले होते." मागे कुणाला, ते त्यांनी सांगितलं नाही. टच-अप मारून बोर्ड परत दिला, तेवढ्या वेळात मी चप्पलसुद्धा नीट काढली नव्हती.

डबा आता चालतो. पण चाकणची गिऱ्हाइकं नुसत्या चालण्यावर सोडत नाहीत, त्यांना एट-डी रिपोर्ट, म्हणजे बिघाडाच्या मुळाशी जाणारा अहवाल, लागतो आणि त्यात पाच वेळा 'का' विचारावं लागतं. लिंक का गेली? घड्याळ पळालं. का पळालं? कपॅसिटर सुटला. का सुटला? सोल्डर धरलं नाही. का नाही धरलं? पॅड थर्मल रिलीफ, म्हणजे उष्णता अडवणाऱ्या बारीक जोडण्या, न ठेवता ग्राउंडला सरळ जोडलेला. तसा का जोडला? लेआउट, म्हणजे बोर्डावरची मांडणी, करणाऱ्याने तसा काढला आणि मग तो नोकरी सोडून गेला.

रिपोर्ट परत आला. शेरा होता, 'पाचवं उत्तर समाधानकारक नाही, लेआउट करणाऱ्याकडून खुलासा घ्यावा.' शेऱ्याखाली ग्राहकाच्या क्वालिटी विभागाची सही. सही ओळखीची वाटली म्हणून जुन्या सर्किटच्या कागदावरच्या 'ड्रॉन बाय'च्या चौकटीशी ताडून पाहिली. नोकरी सोडून तो तिथेच गेला होता.