सव्वासहाशे कोटींचा नारळ

डिसेंबर २०२५ मध्ये मायामीशी हरलो त्या दुपारी मॅच संपून दहा मिनिटंही झाली नसतील, आमच्या कॉलेजच्या मराठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पहिला मेसेज पडला: "एल्कोला नारळ द्या." एल्को म्हणजे आमच्या फुटबॉल टीमचा कोच. सीझनमध्ये अकरा मॅचेस जिंकलेला, टेक्सास ए अँड एमला पहिल्यांदाच प्लेऑफमध्ये (राष्ट्रीय विजेतेपदाच्या बाद फेरीत) घेऊन गेलेला माणूस. स्कोअर १०-३. शेवटच्या अर्ध्या मिनिटात आपला पास एंडझोनमध्ये, म्हणजे जिथे गुण मिळतात त्या मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात, त्यांच्या पोराच्या हातात गेला, आणि यांना लगेच नवा कोच हवा.

मी चार ओळींचं झणझणीत उत्तर टाइप केलं आणि खोडलं. २०२३ मध्ये याच ग्रुपवर सगळ्यात मोठ्याने मीच बोंबलत होतो.

ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी: हे फुटबॉल म्हणजे हेल्मेटवालं, हाताने खेळायचं. मी एम.एस.ला कॉलेज स्टेशनला, म्हणजे ए अँड एमच्या गावी, आलो तेव्हा मलाही त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. रूममेट्सनी पहिल्याच शनिवारी काइल फील्डला नेलं. १,०२,७३३ माणसांचं स्टेडियम, आणि त्यातले विद्यार्थी अख्खी मॅच उभे. का, तर १९२२ साली आमचे खेळाडू एकामागून एक जायबंदी होत होते, तेव्हा ई. किंग गिल नावाचा पोरगा प्रेक्षकांतून खाली उतरला आणि ड्रेस चढवून बाजूला तयार उभा राहिला. त्याला खेळवलंच नाही. पण त्या 'बाराव्या माणसा'साठी शंभर वर्षं झाली, लोक उभे आहेत. मध्येच सगळे एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून डावीकडे-उजवीकडे झुलायला लागले आणि पायाखालचा मजला चक्क हलला. माझा स्ट्रक्चरल इंजिनिअरिंगवाला रूममेट खाली बघत म्हणाला, "हे डिझाइनमध्ये धरलं असेल ना रे?"

त्या दिवसापासून मी कामातून गेलो.

तर जिम्बो फिशर, आमचा एल्कोच्या आधीचा कोच. फ्लोरिडा स्टेटला २०१३ चं राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलेला कोच. डिसेंबर २०१७ मध्ये आम्ही त्याला दहा वर्षांसाठी साडेसात कोटी डॉलरला आणला. आमचं स्वतःचं शेवटचं विजेतेपद १९३९ चं, तेव्हा भूक किती होती ते समजा. इतकी, की चॅन्सेलरसाहेबांनी त्याला विजेतेपदाची पाटी आधीच भेट दिली. साल लिहायची जागा मोकळी: '२०' आणि पुढे रिकामं. बाळाचा पत्ता नाही आणि पाळण्यावर नाव. तेव्हा आम्हाला त्यात काही विचित्र वाटलं नाही, फोटो फॉरवर्ड करत होतो.

२०२० ला नऊ जिंकलो, एकच हरलो, देशात चौथे आलो. आणि खरी माती तिथे खाल्ली गेली. सप्टेंबर २०२१ मध्ये, त्याचं जुनं कॉन्ट्रॅक्ट भरपूर शिल्लक असताना, ते चार वर्षं वाढवून २०३१ पर्यंत नेलं. धास्ती अशी की शेजारच्या लुइझियाना राज्यातली एलएसयू युनिव्हर्सिटी त्याला पळवेल. एलएसयूच्या क्रीडा विभागाचा प्रमुख होता स्कॉट वुडवर्ड, म्हणजे फिशरला आमच्याकडे आणणारा तोच गृहस्थ. नव्या कॉन्ट्रॅक्टमध्ये पैशाची हमी पूर्ण. मध्येच काढलं तरी सगळे द्यायचे, आणि त्याला दुसरीकडे नोकरी लागली तरी एक डॉलर कापायचा नाही. सव्वा महिन्यात अलाबामाला ४१-३८ हरवलं आणि आम्ही म्हटलं, बघा, वसूल.

पुढच्या वर्षी सहाव्या नंबरवरून सुरुवात केली आणि घरच्या मैदानावर अ‍ॅपलेशियन स्टेटकडून १७-१४ हरलो. मी होतो तिथे. बाहेर पडताना लाखभर माणसं गप्प, नुसता चपलाबुटांचा आवाज. तो सीझन ५-७ गेला. त्याआधीच्या भरतीत देशातली सगळ्यात भारी पोरं आणली होती म्हणे.

१२ नोव्हेंबर २०२३, रविवार. आदल्या रात्री मिसिसिपी स्टेटला ५१-१० असं लोळवलं होतं आणि सकाळी बातमी: फिशरला काढलं. एकूण हिशोब ४५ विजय, २५ पराभव. घरी बसवण्याची किंमत सुमारे ७ कोटी ६० लाख डॉलर, तेव्हाच्या भावाने सव्वासहाशे कोटी रुपये. त्याआधीचा विक्रम ऑबर्न युनिव्हर्सिटीचा, तो सव्वादोन कोटी डॉलरच्याही आत होता. साठ दिवसांत १ कोटी ९२ लाख रोख, आणि मग २०३१ पर्यंत दरवर्षी ७२ लाख. विद्यापीठाने लगोलग सांगितलं की हे पैसे क्रीडा विभाग आणि देणगीदारांच्या संस्थेकडून येणार, शिक्षणाच्या खात्यातून नाही.

रविवारी आईचा नाशिकहून व्हिडिओ कॉल असतो. तिला सांगितलं.

"कामावरून काढलं आणि पगार चालू?"

"हो."

"मग तो घरी बसून करतो काय?"

मागून बाबांचा आवाज आला, "न खेळवण्याचे सहाशे कोटी? अगं, त्याला विचार तिकडे जागा आहे का."

मला विचाराल तर काढलं ते बरोबरच होतं. कॉलेजात खेळाडू येतात आणि जातात, टिकतो तो कोच. सतरा वर्षांच्या पोराच्या घरी जाऊन, त्याच्या आईसमोर सोफ्यावर बसून 'माझ्याकडे पाठवा' म्हणणारा तो असतो. त्याच्यावरचा विश्वास उडाला की तिथून सगळं सुटत जातं. चूक २०२३ ची नव्हतीच. चूक २०२१ च्या सहीची, आणि त्या सहीला टाळ्या वाजवणाऱ्यांत आपण सगळे होतो. हे ग्रुपवर कुणी बोलत नाही.

मग सुरू झाली वरसंशोधन मोहीम. ओरेगनचा लॅनिंग आणा. वॉशिंग्टनचा डीबोअर आणा. किफिन, किफिन, किफिन. (देशात कुठेही कोचची जागा रिकामी झाली की लेन किफिनचं नाव येतं.) ड्यूकच्या माइक एल्कोचं नावही आलं आणि मी लिहिलं होतं, स्क्रीनशॉट अजून लोकांकडे आहे: "फिशरच्याच हाताखाली चार वर्षं डिफेन्स सांभाळलेला माणूस? त्याच पातेल्यातली आमटी परत गरम करायची का?"

२५ नोव्हेंबरला एलएसयूकडून हरलो आणि रात्री बातमी फुटली की केंटकीचा मार्क स्टूप्स जवळजवळ ठरलाय. अरे बापरे. स्टूप्सने २०१३ पासून केंटकीसारख्या बास्केटबॉलवेड्या ठिकाणी फुटबॉल उभं केलेलं, तिथला सर्वाधिक विजयांचा मानकरी. आम्हाला त्याचं काय? 'एवढे पैसे फुंकून हा?' म्हणून लोकांनी सोशल मीडियावर जो काही शिमगा घातला! मीही होतो त्यात, रात्री साडेबारा वाजता, बायको झोप म्हणत असताना. मध्यरात्र उलटल्यावर स्टूप्सने स्वतःच जाहीर केलं की तो केंटकीतच राहतोय. सोमवारी एल्कोचं नाव जाहीर झालं.

आता ग्रुपवर एक दंतकथा तयार झालीये की 'आपण आवाज उठवला म्हणून वाचलो'. डिसेंबर २०२५ मध्ये केंटकीने स्टूप्सला काढल्यापासून तर ती आणखी रंगवून सांगतात. थापा आहेत. आपल्याला स्टूप्सचा खेळ नको होता असं नाही, नाव पुरेसं झगमगीत नव्हतं एवढंच. एल्कोचंही नव्हतं. आंधळ्याने फेकलेला दगड आंब्याला लागला, आणि आंधळा आता नेमबाजीचे क्लास घेतोय.

आणि दुसऱ्याचं बघून शहाणं व्हावं, तर २५ ऑक्टोबर २०२५ ला आम्हीच एलएसयूला त्यांच्या घरात ४९-२५ धुतलं आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या कोचला, ब्रायन केलीला, घालवलं. तिथेही पाच कोटी डॉलरच्या वरचं देणं. राज्याचे गव्हर्नर भडकले आणि चार दिवसांत वुडवर्डही गेला. हो, तोच वुडवर्ड. नवा कोच म्हणून एलएसयूने आणला कोण? किफिन.

एल्कोचं नवं कॉन्ट्रॅक्ट नोव्हेंबर २०२५ मध्ये झालं. वर्षाला सरासरी १ कोटी १० लाख डॉलरहून जास्त, २०३१ पर्यंत. फिशरचा हप्ताही २०३१ पर्यंतच आहे.

हे सगळं मी मायामीशी हरलो त्या दिवशी ग्रुपवर लिहिलं नाही. फक्त विचारलं, "एल्को नको, मग कोण हवा?"

आठ मिनिटांत अकरा नावं आली. या वेळी आईला काही सांगितलेलं नाही.