पंखा बंद, बांगडा बंद

आमची सूनबाई घरी केकच्या ऑर्डरी घेते आणि हाताने भेटकार्डंही करते, असं कुणाला सांगितलं की समोरची बाई "अय्या, किती छान!" म्हणते. मीही मान डोलावते. या दोन कलांचं आपसात अजिबात पटत नाही हे तिला कुठून ठाऊक असणार? केकला गारवा हवा, कार्डांना वारा नको. दोन्ही कामं एकाच हॉलमध्ये, एकाच टेबलावर चालतात आणि आम्ही घरची माणसं उरलेल्या जागेत राहतो.

कार्डांवर क्विलिंग असतं. तीन किंवा पाच मिलिमीटर रुंदीच्या कागदी पट्ट्या घ्यायच्या, टोक सुईच्या फटीत अडकवून गुंडाळायच्या, जरा सैल सोडायच्या आणि चिमटीत दाबून त्यांचे थेंब, पानं, डोळे करायचे. एकेका फुलाला असे ढीगभर थेंब लागतात. पंखा एकवर लावला तरी अख्खा बगीचा सोफ्याखाली जातो. म्हणून ऑक्टोबरातल्या उन्हाळ्यातही पंखा बंद. घोडबंदर रोडला एवढ्या उंचावर घर घेताना बिल्डरचा माणूस "खाडीकडचा वारा येतो" म्हणून वारेमाप कौतुक करत होता. तो वारा आता खिडक्या लावून बाहेर ठेवलेला असतो.

एसी आहे, पण तो फॉन्डंटसाठी. साखर, ग्लुकोज, ग्लिसरीन, जिलेटिन असं मळून केलेला हा गोळा पोळपाटावर लाटून केकला पांघरायचा असतो. साखरच ती, हवेतलं पाणी ओढून घेणारच. ठाण्यात जुलैत हवा कमी आणि पाणी जास्त. फ्रिजमधून काढलेल्या केकला बाहेर येताच दरदरून घाम फुटतो. मग त्यावर बसवलेला सिंह आधी मान टाकतो, नंतर जिराफ. एकदा का जंगल थीमचा केक असला की मी स्वयंपाकघरात घामाघूम आणि जिराफ एसीत.

मी आयुष्यभर संक्रांतीला हलव्याचे दागिने केलेत. परातीत खसखस किंवा तीळ, मंद आच, चमचा चमचा पाक आणि बोटांनी सारखं फिरवत राहायचं, तेव्हा कुठे काटा येतो. पण आपल्या आज्या-पणज्या हुशार होत्या. हा साखरेचा उद्योग त्यांनी पौषातल्या कोरड्या थंडीत ठेवला, कारण दमट हवेत हलव्याला काटा धरत नाही. फॉन्डंटला असं शास्त्र नाही. ज्याचा वाढदिवस आषाढात, त्याचं जंगल आषाढात.

खरी सत्ता मात्र फ्रिजवर चालते. व्हिपिंग क्रीम आधीपासून फ्रीझरमध्ये. ते आदल्या रात्री खालच्या कप्प्यात उतरवायचं, कारण थंडगार असलं तरच फेटताना फुलतं. जरा जास्त फेटलं तर रवाळ होऊन फुकट जातं. केक तयार झाला की मधला कप्पा त्याचा. दही, भिजवलेली मटकी, कोथिंबीर सगळ्यांचं स्थलांतर. त्यात क्रीम म्हणजे स्निग्ध पदार्थ, शेजारचा वास पटकन धरतो. झालं! ऑर्डर असली की घरात बांगडा आणायचा नाही, बोंबील तळायचे नाहीत, लसणाची चटणीसुद्धा डब्यात डबा घालून ठेवायची. आणि ऑर्डर कधी असते? रविवारी. लोकांनी मंगळवारी जन्मायला काय हरकत आहे?

माझ्याकडे अक्षराचं खातं. मी मराठीची शिक्षिका होते, त्यामुळे कार्डावरची अक्षरं मी काढायची हे परस्पर ठरलं. कार्डाचं एक बरं असतं. जाड कागद त्याच्या तंतूंच्या दिशेने दुमडला, आधी चमच्याच्या पाठीने रेघ दाबून घेतली, की घडी सुरेख बसते आणि रेषेवर कागद फाटत नाही. केकवर लिहिणं वेगळं. अर्धा किलोचा केक म्हणजे जेमतेम सहा इंचांचा गोल. गिऱ्हाइकाला त्यावर हवं असतं, "आमच्या लाडक्या आत्याला साठाव्या वाढदिवसानिमित्त हार्दिक शुभेच्छा". 'निमित्त' येईपर्यंत केक संपतो. शिवाय लाल रंग. तो क्रीममध्ये घातल्याघातल्या गुलाबीच दिसतो, मुरल्यावर गडद होतो. धीर न धरता ओतत राहिलं तर कडवट लागतो. सूनबाई वाटी झाकून ठेवते आणि मला म्हणते, "आई, बघू नका त्याच्याकडे."

नातवाने मला माहिती पुरवली की पहिलं विक्रीचं नाताळकार्ड लंडनमध्ये १८४३ साली हेन्री कोल नावाच्या गृहस्थाने छापून घेतलं, कारण साचलेल्या पत्रांना हाताने उत्तरं लिहायला त्याला वेळ नव्हता. म्हणजे बघा, हाताचं काम वाचावं म्हणून निघालेली वस्तू आता आम्ही हाताने करतोय.

परवा नौपाड्यात साठीचा केक पोचवायचा होता. चिरंजीवांची मीटिंग, सूनबाईचा दुसरा केक ओव्हनमध्ये, म्हणून मी निघाले. "आई, केक मांडीवर नको, ऊब लागते. पायाशी सपाट ठेवा," अशी सूचना झाली. मांडीवर दुसरा डबा, झाकण काढलं की चारी बाजू पडून आतून फोटो निघतात तो. त्याला एक्स्प्लोजन बॉक्स म्हणतात. मेट्रोच्या खांबांमधून रिक्षा उड्या मारत निघाली. मानपाड्याला सूनबाईचा फोन आला. मी नेहमीच्या वर्गातल्या आवाजात सांगितलं, "हो गं, एक्स्प्लोजन बॉक्स माझ्या मांडीवरच आहे. झाकण घट्ट आहे. आपोआप नाही उघडायचा."

रिक्षावाल्याने आरशात पाहिलं. त्यानंतर नौपाड्यापर्यंत त्याने एकेक खड्डा असा चुकवला की क्रीमच्या एका गुलाबाची पाकळीही हलली नाही. भाडं घेताना सुटे पैसेही न मागता निघून गेला.

वर पोचले तर मंडळी जमलेली. केक पाहून वाहवा झाली आणि पुढच्याच क्षणी कुणीतरी त्यातला सर्वात मोठा गुलाब आत्याबाईंच्या गालाला फासला. यजमानीणबाई पाकीट उघडत लाडीगोडीने म्हणाल्या, "काकू, घरचंच तर आहे, थोडं कमी करा ना!" मी ऐकू न आल्यासारखं केलं, या वयात ती एक सोय असते.

मग त्यांनी नवी ऑर्डर सांगितली. भाचीचं लग्न जूनमध्ये. रुखवतात सगळं फॉन्डंटचं हवं: तुळशीवृंदावन, पालखी, रहाटाची विहीर.

मी विचारलं, "लग्न पौषात नेता येईल का?"

"अहो काकू, पौषात कुणी लग्न करतं का?"

"बरं. मग मुहूर्ताचं तुम्ही बघा, पालखीचं आम्ही बघतो," म्हटलं आणि निम्मे पैसे आगाऊ मागितले.