कल्पना चावलाला ‘मरू दिलं’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

परवा ताईनं घरच्या ग्रुपवर एक लांबलचक फॉरवर्ड टाकलं. त्यात म्हटलंय की कोलंबिया यान (नासाच्या ‘शटल’ यानांपैकी एक, २००३ मध्ये परतताना फुटलं आणि आतले सातही जण गेले) सुखरूप परतणार नाही हे नासाला पहिल्याच दिवशी कळलं होतं, पण कल्पना चावला आणि बाकीच्या सहा जणांपासून ते लपवलं. फोमच्या तुकड्यानं पंख फुटला ही म्हणे बनवाबनवी. त्यानंतर शटल पुन्हा उडालंच नाही. म्हणून माणसं वर पाठवणारं तंत्रच नको आणि भारताची माणसं अंतराळात नेणारं गगनयानही नको. हे वाचून ताईनं नववीतल्या माझ्या भाचीचं नाव शाळेच्या श्रीहरिकोटा सहलीतून काढून टाकलं. आता गप्प बसवत नाही.

आधी फोमचं बोलू, कारण ‘थर्मोकोलनं कधी विमान फुटतं का’ या एका वाक्यावर सगळ्यांचा विश्वास बसलाय. १६ जानेवारी २००३ ला उड्डाणानंतर साधारण ८२ सेकंदांनी बाहेरच्या नारिंगी इंधन टाकीवरचा पाऊण किलोच्या आसपासचा फोमचा तुकडा सुटला. सुटताच हवेनं त्याचा वेग मारला आणि मागून सुसाट येणारा पंख त्याच्यावर ताशी ८०० किलोमीटरहून जास्त वेगानं आदळला. स्कूटरवर डोळ्यात चिलट गेलं तरी कळ कशी येते ते आठवा. नुसत्या तर्कावर सोडायचं नसेल तर अपघात चौकशी मंडळाचा अहवाल आहे. जुलै २००३ मध्ये त्यांनी तसाच तुकडा पंखाच्या कडेच्या खऱ्या पॅनेलवर तोफेनं झाडला. जवळजवळ ४० सेंटिमीटरचं भगदाड पडलं. भाचीनं पट्टीनं मोजून पुठ्ठ्यावर तेवढं कापलं, तर त्यातून तिचं डोकं आरपार गेलं. १ फेब्रुवारीला परतताना अशाच भोकातून तापलेली हवा पंखात शिरली.

लपवलं म्हणता? २३ जानेवारीला ह्यूस्टनच्या नियंत्रण केंद्रातून यानाच्या कमांडर आणि पायलटला ईमेल गेली होती, की फोम आदळलाय, पण काळजीचं कारण नाही. हे सांगणं चुकीचं ठरलं, पण सांगितलं होतं. खरा गुन्हा वेगळाच आहे. इंजिनिअर पंखाचे फोटो मागत होते, तीनदा मागितले, आणि वरच्यांनी ते होऊ दिलं नाही. तपासलंच नाही, तर कळणार कुठून?

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते. नुकसान झालंच असेल तर दुरुस्ती शक्य नाही, मग त्यांना न कळलेलंच बरं, असं एक बडा अधिकारी तेव्हा बोलला होता. नासाच्याच वेन हेल यांनी २०१३ मध्ये हे लिहिलं आणि अफवेचं मूळ बहुधा तिथंच आहे. पण ते ‘झालंच असेल तर’ होतं. आणि तेही बोलायला नको होतं, कारण वेळीच कळलं असतं तर अटलांटिस हे दुसरं शटल पाठवून सुटकेचा प्रयत्न करता आला असता, असं त्याच अहवालात आहे.

शटल पुन्हा उडालंच नाही, हे धडधडीत खोटं. २००५ ते २०११ मध्ये आणखी २२ उड्डाणं झाली.

राहिलं गगनयान. शटल धोक्याचं होतंच. १३५ उड्डाणांत दोन यानं गेली, चौदा माणसं गेली. पण ते टाकीच्या कुशीला बांधलेलं असे, म्हणून वरून सुटलेलं काहीही त्याच्या पंखावर पडू शकायचं, आणि संकटात सगळ्यांना घेऊन निसटायची सोय नव्हती. गगनयानात माणसं रॉकेटच्या टोकाला बसतील आणि बिघाड झाला तर त्यांची कुपी ओढून दूर नेणारी यंत्रणा वर असेल. २१ ऑक्टोबर २०२३ ला श्रीहरिकोट्याहूनच तिची चाचणी झाली. अशाच यंत्रणेमुळे २०१८ मध्ये रशियाच्या सोयुझ यानातले दोघं वाटेत रॉकेट बिघडूनही जिवंत उतरले.

ताई, कल्पनाचं नाव घेऊन तू तुझ्याच मुलीची वाट अडवते आहेस. ते फॉरवर्ड काढ. सहलीचे पैसे शुक्रवारपर्यंत भरता येतात, मी शाळेत विचारलंय.