बारीक केसांवर अजून एक बाटली नको

पार्लर चालवणाऱ्या बाईनं असलं काही लिहू नये म्हणतात, खरं लिहितेच. बारीक आणि खराब झालेल्या केसांसाठी म्हणून जे काही खपवलं जातंय, दुकानातून, मोबाईलवरून आणि आमच्यासारख्यांच्या पार्लरमधूनसुद्धा, त्यातलं बरंचसं त्या केसांच्या उपयोगाचं नाही. काही तर त्यांच्या मुळावरच उठलेलं आहे.

आधी एक घोळ निस्तरते. "ताई, माझे केस पातळ झालेत" म्हणत येणाऱ्या बायकांच्या तक्रारी दोन असतात. एकीच्या डोक्यावर केसच कमी झालेले असतात, भांग रुंद दिसायला लागलेला असतो. दुसरीचे केस भरपूर, पण एकेक केस इतका नाजूक की चिमटीत धरला तरी बोटांना कळत नाही. शिवणाच्या दोऱ्याशेजारी एक केस ठेवून बघा, लगेच लक्षात येईल. पहिलीनं शाम्पू बदलण्यात वेळ घालवू नये. हिमोग्लोबिन आणि थायरॉईड तपासून घ्यावं, त्वचेच्या डॉक्टरांना दाखवावं. दिवसाला 50 ते 100 केस गळणं हे मात्र सगळ्यांचंच असतं, कंगव्यात केस दिसला की धसका घ्यायचं कारण नाही. आजची पोस्ट दुसरीसाठी.

गेल्या पावसाळ्यात आमच्या बेळगावातल्या वडगावची एक पोरगी आली. घरात मागावर साड्या विणतात. भावाच्या लग्नासाठी बाहेर कुठंतरी स्मूदनिंग करून घेतलेलं, आणि त्याच्या आधी हायलाइट्स. म्हणजे ब्लीच झालेल्या बारीक केसांवर पुन्हा केमिकल आणि वरून इस्त्री. कानाच्या खाली सगळं तुटलेलं. मी एक ओला केस दोन्ही हातांत धरून हलकेच ओढला. चांगला केस ओला असताना थोडा ताणतो आणि सोडला की मागं येतो. हा नुसता लांबत गेला आणि मध्येच तुटला. ती बघत होती. म्हणाली, "ताई, हे सडलेलं सूत झालंय की ओ." मागावर बसणाऱ्या पोरीला वेगळं काय सांगायचं!

तिच्या पिशवीत मास्क होता, सिरम होतं, कांद्याचा शाम्पू होता आणि 'केराटिन रिपेअर' लिहिलेली एक मोठी बाटली. सगळं मिळून माझ्या महिन्याच्या लाईट बिलापेक्षा जास्त.

हा 'रिपेअर' शब्द बाटलीवर दिसला की मला चीड येते. केसाचं जिवंत असं जे काही आहे ते टाळूच्या आत, मुळाशी. बाहेर आलेला केस मेलेला असतो. नख फाटलं तर कुणी त्याला मलम लावून सांधत नाही. ब्लीचनं आणि स्ट्रेटनिंगनं केसावरचा जन्मजात स्निग्ध थर जातो, आतले बंध तुटतात, वरचे खवले उचकटतात. बाटलीतलं प्रोटीन त्यावर पातळ पापुद्रा धरतं, पुढच्या एक-दोन धुण्यांत ते निघून जातं. तेवढे दिवस केस बरे वाटतात, हे खरंच आहे. तेवढ्यासाठी घ्यायचं तर घ्या, खरं केस बरा झाला असं समजू नका. आणि बारीक केसांवर प्रोटीन सारखं सारखं लावलं तर ते कडक होतात आणि जास्तच तुटतात. ब्लीच केलेल्या केसांसाठी 'बॉन्ड' वाली, म्हणजे आतले तुटलेले बंध जोडतो म्हणणारी, महागडी उत्पादनं निघालीत. ती अगदीच फसवी नाहीत, थोडा उपयोग होतो. पण रोजची इस्त्री चालू ठेवून ती लावणं म्हणजे पैसे मोरीत ओतणं.

मग घ्यायचं काय? मी सांगेन, पैसे कंडिशनरवर घाला. शाम्पू सौम्य असला की पुरे, त्यात फार डोकं घालू नका. आपल्याकडं उलटं चालतं. शाम्पू हजार विचार करून आणतात, आणि कंडिशनर? "नको गे बाई, त्यानं केस गळतात." कंडिशनरनं केस गळत नाहीत. खराब केसावर ऋणभार असतो, कंडिशनरमधले मुख्य घटक धनभारित असतात, त्यामुळे केस जिथं जास्त खराब तिथंच ते जास्त चिकटतात. केस एकमेकांत अडकत नाहीत, विंचरताना तुटत नाहीत. बारीक केसाला खरी गरज आहे ती एवढीच.

अडचण होते ती लावण्यात. डोक्याच्या वर थापतात, टाळूला चोळतात, आणि मग दुपारपर्यंत केस डोक्याला चिकटून बसले की कंडिशनरला नावं ठेवतात. कानाच्या खाली लावायचं. खांद्यापर्यंतचे केस असतील तर पाच रुपयांच्या नाण्याएवढं पुष्कळ झालं. मोठ्या दातांचा कंगवा तेव्हाच, ओल्या केसांतून, टोकाकडून वर फिरवायचा आणि मग धुऊन टाकायचं. शिया बटर, 'डीप मास्क', 'इंटेन्स' असं काही लिहिलेलं जाड क्रीम बारीक केसांना झेपत नाही. 'व्हॉल्यूम' किंवा 'लाइट' लिहिलेलं बघा. ते बहुतेक वेळा हलकं असतं.

आता बाटलीच्या मागची बाजू. अक्षर इतकं बारीक असतं की मी मोबाईलचा कॅमेरा मोठा करून वाचते, लाज कसली त्यात. घटक जास्तीकडून कमीकडं लिहिलेले असतात. एक टक्क्याच्या आतले कुठंही टाकता येतात. वडगावच्या त्या पोरीच्या कांद्याच्या शाम्पूत कांदा सापडायला आम्हाला यादीच्या तळाशी जावं लागलं. सुगंधाच्याही खाली! म्हणजे कांदा फक्त पुढच्या चित्रात. सिटाइल अल्कोहोल, स्टिअरिल अल्कोहोल दिसलं की 'अल्कोहोल आहे' म्हणून बाटली खाली ठेवू नका, ते मऊपणा देणारे मेणचट पदार्थ आहेत. डायमेथिकोन, म्हणजे चकाकी देणारं सिलिकोन, पहिल्या चार-पाच नावांत असेल तर बारीक केसांवर त्याचा थर साचून केस मरगळतात. अमोडायमेथिकोन त्यापेक्षा बरं, ते खराब जागीच जास्त बसतं. सल्फेटचा, म्हणजे शाम्पूत फेस आणणाऱ्या घटकाचा, मी बाऊ करत नाही. आठवड्यातून दोनदा धुणारीनं सोडियम लॉरेथ सल्फेटला घाबरू नये, पण रोज धुणारीनं त्याहून सौम्य काहीतरी शोधावं.

ज्यावर कुणीच बोलत नाही ते म्हणजे पाणी. बेळगावात नळाला राकसकोप नाहीतर हिडकल धरणाचं पाणी येतं, पण येतं कधी? शहराच्या काही वॉर्डांत चोवीस तास, बाकीच्यांनी दिवस मोजत बसायचं. मधले दिवस विहीर, बोअर नाहीतर टँकर. तुमच्या बोअरचं पाणी जड असेल तर बादलीला आणि नळाच्या तोटीला पांढरं कीट धरलेलं दिसेल, फेस येता येत नाही. त्या पाण्यातलं कॅल्शियम साबणाशी मिळून केसावर चिकट राप बसवतं, आणि बारीक केसांवर तो लगेच दिसतो. तेव्हा अंगाच्या साबणानं केस कधीच धुऊ नका. साबणाचा पीएच (आम्ल की अल्क ते सांगणारा आकडा) 9-10, डोक्याच्या त्वचेचा साधारण साडेपाच. शिकेकाईचा साबण म्हणजेही साबणच, नुसतं नाव शिकेकाईचं. शेवटचे दोन तांबे तरी नळाच्या पाण्याचे घ्या. मी पावसाळ्यात, कौलं एकदा चांगली धुऊन निघाली की, पागोळ्यांखाली बादल्या लावते. शेजारीण हसते, हसू दे. पावसाच्या पाण्यात शाम्पू निम्मा लागतो आणि केस असे सुटतात की बास.

शिकेकाईबद्दल आमच्या आजीसारख्या बायकांचा फार विश्वास. मलाही ती आवडते, खरं दाट आणि जाड केसांवर. दळलेली पूड ओल्या बारीक केसांत घासली की तिचे कण केसांना खरवडतात. वापरायचीच तर रात्री भिजवून, उकळून, पंच्यानं गाळून फक्त पाणी घ्या. रिठा जास्त झाला तर केस खराट्यासारखे होतात, तो टाळाच.

तेलाच्या बाबतीत मात्र जुन्या बायका बरोबर आहेत. खोबरेल केसाच्या आत शिरतं, कारण त्यातलं लॉरिक आम्ल आकारानं लहान आणि सरळ असतं. 2003 साली खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना छापून आली होती. धुण्याआधी आणि नंतर लावल्यावर केसातलं प्रोटीन कमी वाया जातं, हे फक्त खोबरेलाच्या बाबतीत दिसलं. अभ्यास खोबरेल विकणाऱ्या कंपनीतल्याच शास्त्रज्ञांचा होता, तेव्हा जरा जपूनच विश्वास ठेवा, पण माझ्या खुर्चीतला अनुभव त्याच्या विरुद्ध जात नाही. फक्त किती लावायचं याचं भान हवं. घाण्याचं खोबरेल, चमचाभर, धुण्याआधी तासभर, तेही केसांच्या खालच्या निम्म्या भागाला. रात्रभर डोकं थबथबलेलं ठेवलंत तर ते काढायला दोनदा शाम्पू लागतो आणि सगळं मुसळ केरात. एरंडेल बारीक केसांना नकोच, ते इतकं चिकट की काढताना केस गुंततात.

आता केस सरळ करणाऱ्या केराटिन ट्रीटमेंटबद्दल. मी बारीक, ब्लीच झालेल्या केसांवर करत नाही, गिऱ्हाईक गेलं तरी चालेल. काही मिश्रणांतून इस्त्रीच्या उष्णतेनं फॉर्मॅल्डिहाइड बाहेर पडतं, आणि त्यानं कॅन्सर होतो हे सिद्ध झालेलं आहे. 'फॉर्मॅल्डिहाइड फ्री' म्हणून जे आलं त्यात बऱ्याचदा ग्लायऑक्सिलिक आम्ल असतं. त्यानं स्ट्रेटनिंग केल्यावर किडनीला इजा झालेले रुग्ण इस्रायल आणि फ्रान्समधल्या डॉक्टरांनी नोंदवलेत. करून घ्यायचंच असेल तर पार्लरवालीला बाटली दाखवायला सांगा. दाखवत नसेल तर उठून या.

घरची इस्त्री त्याहून वाईट, कारण ती रोज होते. आपल्याकडं जुलै-ऑगस्टमध्ये केस वाळतच नाहीत, खानापूरकडं तर विचारू नका. मग साडेआठची बस गाठायची म्हणून दमट केसांवरच इस्त्री फिरते. तो चर्र आवाज येतो ना आणि वाफ निघते, ते पाणी केसाच्या आत उकळून बुडबुडे होत असतात. तो केस तिथंच तुटणार. पूर्ण वाळवा, आणि मशीन 180 अंशांच्या वर नेऊ नका. नाहीतर सरळ वेणी घाला, सैल. टॉवेलचा पीळ घालून केस झटकायचे बंद करा, जुना सुती पंचा दाबून पाणी टिपा.

त्या पोरीचे केस मी खांद्यापर्यंत कापले. रडली थोडी. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतात, वर्षाला जेमतेम पाच इंच, तेव्हा पुढच्या लग्नापर्यंत लांब केस मिळतील असं खोटं मी तिला सांगितलं नाही. पिशवीतलं सिरम तेवढं ठेव म्हटलं, दोन थेंब, टोकांना.

खरेदीला जाताना एक करा. गणपत गल्लीत म्हणा, खडे बाजारात म्हणा, लहान फॅन्सी दुकानांत अजून कंडिशनरच्या पुड्या मिळतात. मोठी बाटली घेण्याआधी पुडी आणा, आपल्याच पाण्यात दोन-तीनदा लावून बघा. दुसऱ्या दिवशी दुपारी केस टाळूला चिकटले नसतील आणि कंगवा टोकापर्यंत न अडकता गेला तर बाटली घ्या. दुकानदार "मोठी घ्या, ऑफर आहे" म्हणेलच. पुडीच मागा.

कमेंटमध्ये विचारणार असाल तर केसांचा प्रकार आणि घरी बोअर की नळ ते लिहा. बाटलीचा फोटो टाकायचा तर मागच्या बाजूचा टाका. इनबॉक्समध्ये 'कुठला शाम्पू?' एवढंच विचारलंत तर उत्तर देणार नाही, आधीच सांगून ठेवते.