नावात दोन मोकळ्या जागा आहेत, म्हणून माझेच पैसे मला मिळत नाहीत

आज चौथ्यांदा बँकेतून हात हलवत परत आलोय. काम किती? पासपोर्ट नवा झालाय, त्याचा नंबर खात्यावर बदलून द्या. बस्स. खातं माझं, पैसे माझे, काचेसमोर उभा मीच, आणि काचेपलीकडची बाई मला सात वर्षं ओळखते. तरी चारही वेळा उत्तर तेच, "शीथोंग पू शिंग." सिस्टीम घेत नाही. त्यावर तोंड उघडलं की पुढचं ठरलेलं, "मेई बान्फा." इलाज नाही. चीनमध्ये राहणाऱ्या कुठल्याही परदेशी माणसाला झोपेतून उठवून विचारा, हे दोन शब्द त्याला पाठ असतील.

मी इचलकरंजीचा. घरी माग होते, कापडातच वाढलो आणि २०१६ पासून झेजियांग प्रांतात शाओशिंगजवळ केचियाओला कापड खरेदीचं काम करतो. अख्खं गाव कापडावर चालतं. आपली माणसंही इथे भरपूर आहेत, त्यामुळे जेवणाखाण्याचे हाल नाहीत. भाषाही कामापुरती येते, भाव करता येतो, भांडता येतं. तेव्हा "नवीन आहेस, सवय होईल" हे मला कुणी सांगू नका. नऊ वर्षं झाली. सवय झाली म्हणूनच ताव येतोय.

दुखणं कुठे आहे ते आधी सांगतो. इथल्या प्रत्येक नागरिकाच्या ओळखपत्रावर अठरा आकडी नंबर असतो. जन्मापासून मरेपर्यंत एकच. बँक, सिमकार्ड, रेल्वेचं तिकीट, दवाखाना, म्युझियमची आगाऊ नोंदणी, सगळं त्या एका नंबराला बांधलेलं. त्यांची घडी छान बसलीय. परदेशी माणसाकडे तो नंबर नाही, मग त्याच्या पासपोर्टचा नंबर तिथे घालतात. आणि आपला पासपोर्ट दहा वर्षांनी संपतो! नवा आला की नंबर नवा. म्हणजे त्यांच्या मशीनच्या लेखी जुना मी संपलो आणि कुणी भलताच माणूस माझं खातं मागायला आलाय. १ डिसेंबर २०२३ पासून कायमच्या रहिवाशांना नवं कार्ड मिळतं, त्यावर अठरा आकडी नंबर असतो, पण ते कार्ड मिळणारे असे कितीसे? माझ्यासारखे वर्क परमिटवर राबणारे सगळे पासपोर्टवरच लटकलेले.

सरकारी कामाबद्दल मी तक्रार करणार नाही, खरं ते खरं. शांघायहून नवा पासपोर्ट हातात आला. कायद्याने दहा दिवसांत रेसिडेन्स परमिटची नोंद बदलून घ्यायला अर्ज करावा लागतो, केला. चौकीत जाऊन पत्त्याची नोंद नव्या नंबरावर करून घेतली. हवालदाराने दोन्ही पासपोर्ट शेजारी ठेवले, माझ्या तोंडाकडे बघितलं, शिक्का मारला. पंधरा मिनिटं. पोलिसांना मी तोच माणूस आहे हे पटतं, आणि ज्या बँकेत माझा नऊ वर्षांचा पगार जमा झाला तिला पटत नाही!

त्यात आपलं नाव. आपण मराठी माणसं स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं लिहितो. पासपोर्टवर आडनावाची ओळ वेगळी आणि खालच्या ओळीत नाव आणि वडिलांचं नाव एकत्र. इथल्या लोकांची नावं बहुतेक दोन-तीन अक्षरांत संपतात, आडनाव आधी. माझं इंग्रजीत मोकळ्या जागांसकट एकोणतीस अक्षरांचं. मग ज्याला जसं सुचलं तसं त्याने भरलं. २०१६ साली बँकेने आडनाव आधी घेतलं आणि सगळं सलग चिकटवलं, मध्ये जागा नाही. मोबाइल कंपनीने माझं नाव आधी घेतलं, जागा सोडल्या, आणि चौकट संपली म्हणून शेवटी आडनावाची दोनच अक्षरं उरली. पेमेंटच्या ॲपने बँकेचं बघून चिकटवलेलं घेतलं. तीन ठिकाणी दोन माणसं, आणि पासपोर्टवरचा मी तिसराच. इतकी वर्षं कुणी काही बोललं नाही, कारण पासपोर्टचा नंबर तिन्हीकडे सारखा होता. तो एक धागा तुटला आणि अख्खा तागाच उसवला.

पहिल्या दिवशी बँकेत बाई म्हणाली, जुना पासपोर्ट दाखवा. दाखवला. नवा देताना जुन्याचा कोपरा कापून, रद्द करून परत देतात. तिने तो कापलेला कोपरा बोटाने चाचपला आणि म्हणाली, हा रद्द आहे, रद्द कागद चालत नाही. मी म्हटलं, बाई, रद्द आहे म्हणूनच तर नवा काढलाय! मग नव्याचं शेवटचं पान उघडून दाखवलं. आपल्या पासपोर्टच्या शेवटच्या पानावर जुन्या पासपोर्टचा नंबर स्वच्छ छापलेला असतो. तिने तो अंकन् अंक जुळवला, मान डोलावली, आत जाऊन साहेबाला विचारून आली. इंग्रजी आहे, चिनी भाषांतर शिक्क्यासकट आणा.

दुसऱ्या दिवशी शिक्क्याचं भाषांतर घेऊन गेलो, पदरचे दोनशे युआन घालून. त्या दिवशी मशीनला नाव चालेना. नवीन नियमाप्रमाणे नाव पासपोर्टवर आहे तसंच हवं, म्हणजे मोकळ्या जागांसह. जुन्या खात्यात जागा नाहीत. नंबर बदलायचा तर नाव तेच हवं, नाव बदलायचं तर नंबर तोच हवा, आणि दोन्ही एकदम बदलायची सोय त्या स्क्रीनवर नाही. तासभर ती बाई एका बोटाने माझं नाव अक्षर-अक्षर करत टाइप करत होती, चुकली की पुसून पुन्हा. तिच्या कपाळावर घाम दिसत होता. तिच्यावर ओरडून काय करू? तिच्या हातात काहीच दिलेलं नाही. माझा राग तिच्यावर नाहीच. ज्याने ती चौकट आखली आणि जगातल्या सगळ्या माणसांची नावं तीन अक्षरांची असतात असं धरून चालला, त्याच्यावर आहे.

तिसऱ्या दिवशी जे झालं ते मला सहन झालं नाही. आतल्या साहेबाने माझा फॉर्म हातात घेतला आणि भरल्या बँकेत मोठ्याने हाक मारली. फॉर्मवर शेवटी वडिलांचं नाव आलं होतं, त्याने तेच उचललं. माझ्या वडिलांना जाऊन सहा वर्षं झाली. मी त्यांच्या नावाने हाक ऐकली आणि क्षणभर मागे वळून बघितलं. मग "इथे आहे" म्हणत पुढे गेलो, कारण नाही गेलो तर टोकन गेलं. त्यांचं नाव मी माझ्या नावात लावतो तो मान म्हणून. ते तिथे नको म्हणून काढून टाका, असं एका माणसाने मला शांतपणे सुचवलं. पासपोर्टवर छापलेलं नाव मी काढू? कशासाठी, यांची चौकट लहान आहे म्हणून?

मधल्या काळात पेमेंटचं ॲप बंद पडलं. कागदपत्र कालबाह्य, खातं गोठवलंय, ओळख पटवा. ओळख पटवायला चेहरा दाखवा, पापण्या मिटा, तोंड उघडा, मान हलवा. सगळं केलं. चेहरा बरोबर, नाव जुळत नाही. बँकेत जा. बँक म्हणते, आधी फोन नंबर ज्या नावावर आहे ते दुरुस्त करून आणा. आता माझं सिम ग्वांगझूचं, पहिल्यांदा तिथल्या कँटन फेअर या व्यापारी जत्रेला आलो तेव्हा घेतलेलं. मोबाइल कंपनी म्हणते, ज्या प्रांतातलं सिम त्याच प्रांतात दुरुस्ती. म्हणजे नावातली एक मोकळी जागा नीट करायला मी हजार किलोमीटरच्या वर जायचं! आणि नंबर सोडून द्यावा तर नऊ वर्षांची सगळी गिऱ्हाइकं, सगळे गिरणीवाले त्याच नंबरावर.

ॲप बंद म्हणजे इथे काय होतं ते बाहेरच्याला कळणार नाही. भाजी, बस, चहा, सायकल, सगळं फोनवर. नोटा नाकारणं बेकायदा आहे, मध्यवर्ती बँकेने बजावलेलं आहे, पण सुट्टे कुणाकडे असतात? परवा पालकाच्या दोन जुड्या घेतल्या, साडेसहा युआन. मी शंभराची नोट काढली. मावशीने गल्ला म्हणून असलेला बिस्किटाचा डबा उघडला, त्यात दोन नाणी आणि रबरं. तिने शेजारच्या मासेवाल्याला विचारलं, त्याने पलीकडच्या टोफूवालीला. शेवटी पालक माझ्या पिशवीत कोंबत म्हणाली, घेऊन जा, उद्या दे. जिला माझं नाव सांगता येत नाही तिने माझ्यावर विश्वास टाकला, आणि ज्यांच्याकडे माझे बोटांचे ठसे, फोटो आणि नऊ वर्षांच्या पगाराची नोंद आहे ते म्हणतात, तुम्ही तुम्हीच कशावरून?

आणखी डोकं फिरतं ते याने, की पर्यटकांसाठी सगळं सोपं करून ठेवलंय. २०२४ च्या मार्चमध्ये मोबाइलवरून पैसे भरायची परदेशी माणसांची मर्यादा एका व्यवहाराला एक हजार डॉलरवरून पाच हजारावर नेली, वर्षाची दहा हजारावरून पन्नास हजारावर. आज शांघायच्या पुडोंग विमानतळावर उतरलेला पाहुणा आपलं व्हिसा कार्ड जोडतो आणि अर्ध्या तासात चहा पितो. चांगली गोष्ट आहे, पाहुण्याची सोय व्हायलाच हवी. पण इथे कर भरणाऱ्या, इथल्या बँकेत पगार घेणाऱ्या माणसाला पालक उधार घ्यावा लागतो, हे कुणाच्या लक्षात कसं येत नाही?

घरी सांगितलं तर भाऊ म्हणतो, आपल्याकडे काय वेगळं आहे, आधार आणि पॅनवरचं नाव जुळवताना माझ्याही चपला झिजल्या. मान्य. तिकडे चूक आहे म्हणून इकडची बरोबर होत नाही. आणि यांना जमत नाही असंही नाही. यांच्याच देशातले उइगुर लोक लांब नावांपायी असेच खेटे घालतात, नावातल्या मधल्या टिंबावरून त्यांचीही कामं अडतात. दुर्मीळ अक्षरांच्या नावांची माणसं वर्षानुवर्षं अडकून पडायची, तर त्यांच्यासाठी संगणकातल्या अक्षरांचं नवं मानक केलं, १ ऑगस्ट २०२३ पासून लागू. त्यात ८७,८८७ चिनी अक्षरं बसवली. सत्त्याऐंशी हजार अक्षरांना जागा होते, आणि माझ्या नावातल्या दोन रिकाम्या जागांना होत नाही?

मागणी फार नाही. नावाची चौकट मोठी करा. पासपोर्टवर आहे तसं नाव घ्या, सगळीकडे सारखं. पोलिसांनी जुना-नवा नंबर एकदा जोडून दिला की तो पुरावा बँकेने आणि फोनवाल्याने मानावा. आणि काउंटरवरच्या बाईला माणूस बघून निर्णय घ्यायचा हक्क द्या.

आज चौथ्या दिवशी साहेब म्हणाला, हे खातं बंद करून नवं उघडा. ठीक, म्हटलं, करा बंद. फॉर्म भरला, सही केली, अंगठा दिला. बाईने बटण दाबलं आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. खातं बंद करण्यासाठी खातेदाराचा चालू पासपोर्ट नोंदीत असणं आवश्यक आहे.

येताना मावशीचे साडेसहा युआन दिले, ऑफिसातल्या पोराकडून सुट्टे घेऊन. सोमवारी साडेआठला परत रांगेत आहे.